उत्खनन म्हणजे काय? सोपाऱ्याच्या भूमीवरून एक परिचय

खणणे हा मनुष्याच्या अतिप्राचीन उद्योगांपैकी एक होय. कंदमुळे काढण्यासाठी, पाणी मिळविण्यासाठी, दगड फोडण्यासाठी, घराचा पाया घालण्यासाठी आणि मृतांस मूठमाती देण्यासाठी त्याने प्रथम टोकदार काठी, पुढे कुदळ व पहार आणि अलीकडे यंत्र हाती घेतले. संस्कृतातील ‘खन्’ या धातूपासून खाण, खनिज, खनन इत्यादी शब्द आले. त्याच धातूला ‘उत्’ हा उपसर्ग लागून ‘उत्खनन’ हा शब्द सिद्ध झाला. मात्र शब्दांचे कूळ एक असले तरी खणणाऱ्यांचे हेतू एक नसतात. विहीर खणणाऱ्यास पाणी हवे असते, पाथरवटास दगड हवा असतो, गवंड्यास घट्ट जमीन हवी असते. या सर्वांच्या दृष्टीने मधली माती हा केवळ अडथळा होय. ती घमेल्यात भरावी आणि दूर नेऊन टाकावी, एवढाच तिच्याशी त्यांचा संबंध. पुरातत्त्वाचा अभ्यासक मात्र त्या मातीसाठीच खणतो. कोणती वस्तू सापडली यापेक्षा ती कोठे, कोणत्या थरात आणि कशाच्या सान्निध्यात सापडली, हे त्याला अधिक मोलाचे वाटते. हा भेद ज्याच्या ध्यानी आला, त्यास उत्खननशास्त्राचे मर्म कळले असे म्हणता येईल.

खणण्याचे हे सर्व प्रकार एकमेकांलगत पाहावयाचे असतील तर पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यासारखा दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल. येथे स्तूप आहे, किल्ला आहे, दगडाच्या खाणी आहेत, बागायतीच्या विहिरी व बावखले आहेत. आणि २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली त्याच्या आधीपासून आजतागायत नव्या इमारतींसाठी येथील जमीन सतत उकरली जात आहे. जी जमीन इतकी झपाट्याने उकरली जात आहे, तिच्या पोटात शूर्पारक नावाचे एक मोठे बंदर झोपलेले आहे, ही गोष्ट तेथील शाळांतील मुलांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा, नालासोपारा या नावातील उत्तरार्ध. आज तेथे उभे राहिले असता समुद्र दिसत नाही आणि हे गाव एके काळी बंदर होते, हे मुलांस खरेही वाटत नाही. त्याचे कारण असे की वसई तालुक्याचा पश्चिम भाग पूर्वी बेट होता. दक्षिणेची वसईची खाडी आणि उत्तरेची वैतरणा यांना जोडणारा सोपाऱ्याचा खाडीफाटा होता. तो हळूहळू गाळाने भरून आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचे नाव येते आणि पुढे टॉलेमीच्या भूगोलातही ते येते.

शूर्पारकाच्या लोकांनी स्वतः केलेल्या वा करविलेल्या खोदकामाचे उल्लेख त्यांच्या गावाबाहेर आढळतात, ही एक मौजेची गोष्ट होय. जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात, वाटेवरील खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. तेथील एका लेखात, हे टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाची देणगी आहे, असे नमूद केले आहे. हा गोविंददास कोण होता हे लेख सांगत नाही. परंतु घाट चढून येणाऱ्या तांड्यांची तहान त्यास ठाऊक होती, एवढे निश्चित. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या आणि बागा, तळी व विहिरी करविल्या, असे त्यात सांगितले आहे. कार्ले येथील चैत्यगृहाचा एक खांबही सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूने दिलेला आहे. दानशूर पुरुषांची कीर्ती त्या काळी पाण्यासाठी पाडलेल्या खड्ड्यावरही उभी राहत असे, हे या लेखांवरून दिसते.

लेणे खोदणे हे काम बांधकामाच्या अगदी उलट आहे, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी. घर बांधताना पाया आधी आणि छप्पर शेवटी. लेणे खोदताना मात्र छत आधी तयार होते आणि पायाखालची जमीन सर्वांत शेवटी. कारागीर वरून खाली उतरत जातो, त्यामुळे त्याला उंच परांची बांधावी लागत नाही. तथापि एक अडचण मोठी असते. गवंड्याचा दगड चुकला तर काढून दुसरा बसविता येतो. लेण्यात छिन्नीचा एक घाव चुकला की तो कायमचा. वसईच्या खाडीपलीकडे असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत खोल्या, ओटे, पन्हाळी व पाण्याची टाकी अशी सर्व व्यवस्था या रीतीने खडकातून कोरून काढलेली आहे. मोठ्या शाळांच्या सहली तेथे जातात. परंतु मुलांचे लक्ष मूर्तींकडे असते. एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या लेण्यासमोर त्यांना उभे करून छिन्नीच्या खुणा कोणत्या दिशेने उतरत गेल्या आहेत हे पाहावयास लावले, तर ती सहल अधिक फलदायी होईल.

ज्या काळ्या खडकात ही लेणी आहेत तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या तप्त रसाचा बनलेला आहे. तो कठीण असला तरी त्यास चिरा असतात आणि पाथरवटाचे सारे कौशल्य या चिरा ओळखण्यात असते. दगडावर एका ओळीत भोके पाडावयाची, त्यांत पाचरी बसवावयाच्या आणि घणाचे घाव आळीपाळीने प्रत्येक पाचरीवर घालीत जावयाचे. घाव सारखे पडले तर दगड त्याच ओळीत फुटतो. पुढे बंदुकीची दारू आली आणि पाचरीची जागा सुरुंगाने घेतली. खाणीत उडवितात तो सुरुंग आणि किल्ल्याच्या तटाखाली पेरतात तो सुरुंग, हे दोन्ही मुळात एकच. ‘सुरुंगा’ हा शब्द भुयार या अर्थाने कौटिल्याच्या अर्थशास्त्रात येतो आणि तो ग्रीक भाषेतून आपल्याकडे आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. शब्दही बंदरावर उतरतात, हे शूर्पारकाच्या प्रकरणात सांगणे वावगे होणार नाही.

सुरुंगाचे नाव निघाले की वसईकरांस १७३९ सालची आठवण होते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याजकडून १५३४ साली पोर्तुगीजांस मिळालेला हा मुलूख त्यांनी दोनशे वर्षे राखला आणि वसईस घडीव दगडांचा बळकट कोट उभारला. चिमाजी अप्पांनी या कोटास वेढा घातला तेव्हा तीन बाजूंस पाणी व दलदल असल्याने उत्तरेकडील वाळूच्या पट्ट्यावरूनच पुढे सरकणे शक्य होते. वाळूत चर खणीत, वाळूच्याच आडोशाने मराठे तटाजवळ पोहोचले आणि बुरुजांच्या पायाखाली भुयारे नेऊन त्यांत त्यांनी दारू ठासली. वाळूत भुयार नेणे किती अवघड असते हे समुद्रकिनारी खड्डा करणारे कोणतेही पोर सांगेल. कडा ढासळतात आणि थोडे खाली जाताच पाणी लागते. मे महिन्यात सुरुंग उडाले, तटास भगदाडे पडली आणि थोड्याच दिवसांत किल्ला मराठ्यांच्या हाती आला. वेळेवर न पेटलेला एक सुरुंग मागाहून उडून हल्ला करणाऱ्यांचीच मोठी हानी झाली, असे इतिहासकार सांगतात. या वेढ्यात भाल्या-तलवारींबरोबर कुदळ-फावड्यांनी केलेले काम शाळेतील पाठांत सहसा येत नाही.

येथवर पाहिलेले सर्व खोदकाम काहीतरी मिळविण्यासाठी वा पाडण्यासाठी होते. जाणून घेण्यासाठी केलेले खोदकाम सोपाऱ्यास प्रथम घडले ते १८८२ साली.

त्या सुमारास जेम्स कॅम्बेल हे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे काम करीत होते व ठाणे जिल्ह्याचे खंड तयार होत होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे त्यांना साहाय्य असे. भगवानलाल हे जुनागडचे. त्यांचा जन्म १८३९ सालचा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे लेख कोरलेला जो प्रचंड खडक आहे, त्यावरील अक्षरे वाचण्याचा ध्यास त्यांना तरुणपणीच लागला. इंग्रजी विद्यालयाची कोणतीही मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले आणि पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली.

सोपारा गावालगत एक टेकाड होते. लोक त्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. बुरूड म्हणजे सुपे-टोपल्या विणणारा. शूर्प म्हणजेही सूप, हा योगायोग चिंतनीय आहे. एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी या टेकाडाच्या मध्यभागी खोदकाम केले तेव्हा तो कोट नसून विटांचा स्तूप असल्याचे स्पष्ट झाले. आत विटांनी बांधलेल्या एका कप्प्यात एक मोठी वाटोळी दगडी पेटी मिळाली. पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडक होता व त्याच्याभोवती आठ लहान धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. त्यांपैकी सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या व आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोन्याची फुले होती. सर्वांत आतल्या करंडकात मात्र मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे समजून कोणी श्रद्धावंताने ते तेथे ठेवले असावेत, असे भगवानलालांचे अनुमान होते. सोने, स्फटिक, चांदी, तांबे ही सगळी वेष्टने आणि पूज्य वस्तू म्हणजे खापरीचे कण. खापरास तुच्छ लेखू नये हा पुरातत्त्वाचा पहिला धडा सोपाऱ्याच्या पेटीने सर्वांच्या आधी दिला.

याच ठेव्यात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे होते. हे नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील. यावरून स्तूप त्या काळाचा, असे कोणीही म्हणेल. परंतु त्या आठ मूर्तींची घडण पाहून विद्वानांनी त्या आठव्या वा नवव्या शतकातील ठरविल्या आहेत. मग एकाच पेटीत सहाशे वर्षांचे अंतर कसे पडले? येथे शिक्षकांनी मुलांपुढे एक घरगुती दाखला ठेवावा. एखाद्या घरातील जुनी पेटी उघडली आणि तीत पणजोबांच्या वेळचा रुपया व नातवाची गेल्या वर्षीची गुणपत्रिका सापडली, तर पेटी शेवटची केव्हा बंद झाली हे रुपयावरून ठरत नाही, गुणपत्रिकेवरून ठरते. सर्वांत नवी वस्तू ही शेवटची झाकणी सांगते. तेव्हा सोपाऱ्याचा ठेवाही एकदा ठेवला गेला, आणि शतकांनंतर कोणी तो उघडून, मूर्ती मांडून पुन्हा बंद केला असावा, असे अनुमान निघते. पेटीच्या वरील विटांत व मातीत अशा उघडझाकीच्या खुणा उरल्या असतील तर त्यांचा बारकाईने तपास करण्याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्या काळी उत्खनन म्हणजे बहुधा मध्यावर उतरून ठेवा गाठणे. भगवानलालांचा विशेष हा की त्यांनी जे पाहिले ते क्रमवार लिहून लगेच प्रसिद्ध केले. म्हणूनच आज त्यावर वाद तरी घालता येतो. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे सुपूर्त झाला.

खुणांचा तपास म्हणजे काय, हे समजण्यास गावातील उकिरड्याइतके चांगले साधन नाही. उकिरड्यात खालचा थर जुना व वरचा नवा. दिवाळीनंतर पणत्यांचे तुकडे, उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी, चुलीची राख, असे थर एकावर एक बसतात. उभा काप घेऊन पाहिल्यास घराचे वर्षभराचे जीवन त्यात दिसते. आता त्यात उंदराने बीळ केले आणि वरच्या थरातील बटण दोन हात खाली घरंगळले, तर काय होईल? केवळ खोली मोजणारा मनुष्य ते बटण जुन्या पणत्यांच्या बरोबरचे समजेल. बिळातील माती भुसभुशीत व निराळ्या रंगाची असते हे ज्याने पाहिले, तोच फसणार नाही. म्हणून खोलीइतकाच, किंबहुना खोलीहून अधिक, थर महत्त्वाचा. इंग्लंडात पिट-रिव्हर्स यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ही दृष्टी रुजविली. भारतात १९४४ ते १९४८ या काळात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी तिला शिस्त लावली आणि महाराष्ट्रात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी नाशिक, जोर्वे, नेवासे येथे ती अमलात आणली.

या पद्धतीत जागेवर दोरी ताणून चौरस आखतात. दोन चौरसांच्या मध्ये मातीची अरुंद भिंत मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे थरांचा उभा काप डोळ्यांपुढे राहतो. कुदळ फार जपून चालवितात. वस्तू दिसू लागली की लहान करणी व कुंचला घेतात. प्रत्येक थरास क्रमांक, प्रत्येक वस्तूस चिठ्ठी, प्रत्येक दिवशी आराखडा व छायाचित्र, आणि उपसलेली माती चाळणीतून चाळल्यावाचून टाकावयाची नाही. काम अत्यंत सावकाश होते व पाहणाऱ्यास कंटाळवाणे वाटते. परंतु थर एकदा काढला की तो परत बसविता येत नाही. उत्खनन हा एक असा ग्रंथ आहे की ज्याचे पान वाचता वाचताच नाहीसे होते. नोंद हीच त्याची उरलेली प्रत. नोंदीवाचून केलेले उत्खनन आणि चोराने केलेले खोदकाम यांत मातीच्या दृष्टीने काहीच फरक नाही.

सोपाऱ्याच्या स्तूपाच्या परिसरात १९३९-४० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुन्हा काम केले, तेव्हा मुख्य स्तूपाच्या दक्षिणेस दोन लहान स्तूप आढळले. त्यानंतर १९९३ साली झालेल्या उत्खननात वस्तीचे अवशेष, भाजलेल्या कड्यांची विहीर, सातवाहन नाणी, मणी, तांबड्या झिलईची मडकी, पश्चिमेकडून मद्य वा तेल भरून येणाऱ्या कुंभांचे तुकडे व पुढील काळातील निळ्या काचलेपाची भांडी मिळाली. यांतील एकही वस्तू बाजारात चार पैशांस कोणी घेणार नाही. तरीही हजार वर्षांहून अधिक काळ हे बंदर परदेशाशी व्यवहार करीत होते, हे याच खापरांनी सांगितले.

परंतु सोपाऱ्याची सर्वांत मोठी उणीव अद्याप भरून आलेली नाही. १८८२ सालीच भगवानलालांना भातेला तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. गिरनारचा खडक ज्याच्या दृष्टीखालून गेला होता, त्या मनुष्यास ती ओळखण्यास वेळ लागला नाही. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग होता. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र धर्मयात्रा करतो, असा त्या लेखाचा आशय आहे. त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे लोटली. १९५६ साली सोपाऱ्याच्या पश्चिमेकडील भुईगाव येथे आणखी एक लेखयुक्त दगड एशियाटिक सोसायटीचे त्या वेळचे ग्रंथपाल श्री. गोरे यांच्या निदर्शनास आला; तो नवव्या लेखाचा भाग निघाला. लोक नाना तऱ्हेची मंगलकृत्ये करतात, पण खरे मंगल म्हणजे दास व सेवक यांच्याशी नीट वर्तन, वडीलधाऱ्यांविषयी आदर, प्राण्यांविषयी संयम, असे त्यात सांगितले आहे. गिरनारसारख्या ठिकाणी हे लेख एकूण चौदा आहेत. सोपाऱ्यास आठवा मिळाला, नववा मिळाला. चौदाही लेख येथे कोरले गेले असतील, तर बाराचा पत्ता नाही. ते दगड गाळाखाली असतील, एखाद्या बांधात बसविले असतील, विहिरीच्या थारोळ्यात पडले असतील, किंवा कोणाच्या दारची पायरी झाले असतील. दगड तो दगड. ओळखणारा डोळा पोहोचेपर्यंत त्यावर धुणेही धुतले जाणार.

पूर्वी अशा डोळ्यास सवड मिळत असे, कारण खणण्याचा वेग मनुष्याच्या दंडाइतका होता. बागायतदार विहीर खणवीत, तेव्हा महिनोन् महिने माणसे खाली उतरत. पश्चिम पट्ट्यातील वाड्यांत पावसाचे पाणी साठविण्यासाठी खणलेली बावखले ही अशीच हातांची कामे होत. समुद्रालगतच्या या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत असते. बावखलातील पाणी मुरून तो गोड्या पाण्याचा थर टिकवून धरते, आणि फार खोल जाऊन जोराने उपसा केला तर खालचे खारे पाणी वर येते. किती खणावे आणि कोठे थांबावे, याचे ज्ञान त्या बागायतदारांस अनुभवाने होते. अनेक बावखले आता भरावाखाली गेली आहेत.

आज जेसीबी यंत्राचा एक फावा एका खेपेत जेवढी माती उचलतो, तेवढी पुरातत्त्वाचे पथक दिवसभरात उचलीत नाही. इमारतीचा पाया दोन दिवसांत निघतो, माती रातोरात ट्रकने दुसऱ्या गावी भरावास जाते, आणि एका गावाचे थर दुसऱ्या गावच्या खाजणात उलटेपालटे होऊन पडतात. खाडीपात्रांतून यंत्राने रेती उपसली जाते तेव्हाही हेच घडते. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी पालघर जिल्ह्यातील डोंगरांतून बोगदे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. तेथे तर चिमाजी अप्पांच्या वेळचा सुरुंगच, पण मोजूनमापून वापरलेला. घरे, रस्ते, रेल्वे ही समाजाची निकड आहे व त्यासाठी खणू नये असे कोणी म्हणणार नाही. कायद्यानेही सर्व खोदकाम बंद केलेले नाही. संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. २०१० साली त्यात झालेल्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीची अट घातली. सोपाऱ्याचा स्तूप व वसईचा किल्ला ही दोन्ही ठिकाणे केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. शिवाय जमिनीत सापडलेल्या निधीसंबंधी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविण्याचे बंधन तो घालतो. दहा रुपयांचे मोल १८७८ साली काय होते आणि आता काय आहे, हा गणिताच्या तासाचा प्रश्न होऊ शकेल. परंतु जी जागा संरक्षित नाही आणि जेथे सोने नव्हे, खापऱ्याच निघतात, तेथे कायदा फारसा पोहोचत नाही. तेथे पोहोचणारा शिक्षित मनुष्य बहुधा एकच असतो, तो म्हणजे शाळेचा शिक्षक.

त्याने स्वतः खणावयाचे नाही, ही पहिली गोष्ट. मुलांकडून तर मुळीच खणवू नये. उघड्या चराच्या कडा केव्हा कोसळतील याचा नेम नसतो. गावात पाया किंवा विहीर खणली जात असेल तर काम सुरू नसताना, मालकाच्या संमतीने, काठाशी न जाता सुरक्षित अंतरावरून तिचा काप मुलांस दाखवावा. वरची काळी माती, विटांचे तुकडे असलेला पट्टा, शिंपल्यांचा थर, खालची वाळू, हे रंग वहीत काढवून घ्यावेत. शिंपल्यांचा थर दिसला की सोपाऱ्याचे बंदर मुलांस आपोआप पटते. गावातील मंदिरे, चर्च, तळ्याचे घाट, जुन्या विहिरींचे काठ येथील घडीव दगड एकदा सकाळी वा सायंकाळी तिरक्या उन्हात पाहावेत. भर दुपारी न दिसणारी झिजलेली अक्षरे त्या वेळी उठून दिसतात. अक्षरे आढळल्यास त्यांत खडू किंवा चुना भरण्याचा मोह आवरावा, तेल वा शेंदूर लावू देऊ नये, दगड हलवू नये. छायाचित्र घेऊन तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागास कळवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोककालीन लेख ठेवलेला आहे; ज्या शाळेस सहल नेणे शक्य असेल तिने तो दाखविल्यास अशी अक्षरे कशी दिसतात हे मुलांच्या ध्यानात राहील.

शाळेच्या दप्तरात यासाठी एक साधी वही पुरते. तीत प्रत्येक वेळी तारीख, जागा व जवळची कायमची खूण, जमिनीपासूनची खोली, मातीचा रंग आणि आजूबाजूस काय होते, एवढे लिहावे. खोली मोजण्यास प्रत्येक हातावर गाठ मारलेली दोरी चालते. उदाहरणार्थ : ‘शाळेच्या पूर्वेस, चिंचेपासून चाळीस पावलांवर नवी विहीर. सहा हात खाली शिंपल्यांचा थर, जाडी एक वीत. त्याच्या लगेच वर तांबड्या मडक्याचा काठ. काठ जागेवरच ठेवला. मालकास सांगितले.’